फास्ट धरावा की फास्ट पकडावी?

मैत्रिणींनो, आज सकाळपासून ‘फास्ट’ हा शब्द तुम्ही किती वेळा उच्चारलात, सांगा पाहू! मोजलं नसेलच. आणि मोजणार तरी कधी म्हणा! दूध उतू जातंय का ते बघायचं की शब्द मोजत बसायचं? मी मात्र एका चतुर्थीला मुद्दाम मोजून पाहिलं. स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं फास्ट, ह्यांची लोकल फास्ट, मुलाचा ब्रेकफास्ट, शेजारच्या भाभींचं ‘आज मेरा फास्ट है’, दारावर आलेल्या साडीवाल्याचं ‘ताई, कलर एकदम फास्ट’, आणि सासूबाईंच्या रक्ताची ‘फास्टिंग’ तपासणी! दुपारी बारा वाजेपर्यंत हा पाहुणा आमच्या घरी अकरा वेळा येऊन गेला. आणि गंमत म्हणजे दर वेळी तोच सदरा घालून, पण निराळ्याच कामासाठी.

आम्ही राहतो नवघरला, भाईंदर पूर्वेला. (वसईच्या बाजूला नवघर-माणिकपूर आहे ते वेगळं, पत्रं पूर्वी तिकडे जायची!) एके काळी इथे मिठागरं आणि शेतं होती असं जुनी माणसं सांगतात. १९८५ साली मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि आता मिठागरं शोधायला बरंच लांब जावं लागतं. इथल्या माणसाचं आयुष्य लोकलच्या वेळापत्रकावर बेतलेलं असतं. आमच्या मजल्यावरच्या चारही घरांतली घड्याळं पुढे आहेत. कुणाचं पाच मिनिटं, कुणाचं पंधरा. खरी वेळ किती ते विचारायचं तर मोबाईल बघायचा. घड्याळ हे वेळ बघण्यासाठी नसून घाबरण्यासाठी असतं, असं आमचे हे म्हणतात.

मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, आणि सध्या एका मराठी शाळेत दुपारचे दोन तास इंग्रजी शिकवते. अर्धवेळ शिक्षिका म्हणजे पगार अर्धा आणि वह्या पूर्ण, हे तुमच्यातल्या काहींना वेगळं सांगायला नको. तर सातवीच्या वर्गात मी ‘फास्ट’चे वाक्यात उपयोग करायला दिले होते. एका मुलाने लिहिलं होतं, ‘माझी आजी दर सोमवारी फास्ट फूड खाते.’ मी लाल पेन उचललं आणि थांबले. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी... फास्टचं फूड ते फास्ट फूड, पोराचं काय चुकलं? अर्धा गुण दिला.

मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ‘‘बाई, ‘रन फास्ट’ म्हणजे जोरात पळ. आणि पुस्तकात ‘होल्ड फास्ट’ आहे, ते म्हणजे घट्ट धरून ठेव. एकच शब्द पळ पण म्हणतो आणि हलू नकोस पण म्हणतो, असं कसं?’’

तुम्हीच सांगा, काय उत्तर द्याल? कॉलेजात असताना हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता आणि आम्हीही कुणाला विचारला नव्हता. ‘उद्या सांगते’ म्हणून मी घंटेची वाट पाहिली आणि घरी येऊन कोश काढून बसले. कुकरच्या तीन शिट्ट्यांत जे सापडलं ते इतकं मजेदार होतं, की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘फास्ट’चा मूळ अर्थ होता घट्ट, पक्का, जागचं न हलणारं. वेगाचा त्यात मागमूस नव्हता. जर्मन भाषेत ‘फेस्ट’ म्हणजे अजूनही घट्ट, भक्कम. साडीचा रंग ‘फास्ट’ असतो तो ह्याच जुन्या अर्थाने. धुतला तरी जागचा न हलणारा. (निदान दुकानात तरी!) गाढ झोपलेल्याला ‘फास्ट अस्लीप’ म्हणतात तेही ह्याच अर्थाने. होडी खुंट्याला पक्की बांधायची तर ‘मेक फास्ट’, आणि बांधण्याची क्रिया म्हणजे ‘फासन’. त्यात लिहिताना ‘ट’ असतो पण बोलताना तो गिळायचा. मुलं हमखास ‘फास्टन’ म्हणतात. मी त्यांना सांगते, ‘लिसन’मध्ये नाही का ट गिळत, तसाच इथेही गिळा.

आता घट्टपणातून वेग कसा निघाला? घट्ट धरायचं म्हणजे सगळा जोर लावून धरायचं. जोर लावून उभं राहायचं, जोर लावून लढायचं, तसंच जोर लावून धावायचं. असं म्हणता म्हणता ‘जोर’ मागे राहिला आणि ‘धावणं’ पुढे गेलं. हे वाचलं आणि मला एकदम आपलं मराठी आठवलं. आपण नाही का म्हणत, ‘दोरी जोरात धर’ आणि ‘जोरात पळ’? एकच ‘जोरात’! किंवा ‘कसून’ घ्या. गाठोडं कसून बांधायचं आणि परीक्षा आली की अभ्यासही कसून करायचा. आणि एका शब्दाचे उलटसुलट अर्थ म्हणून इंग्रजीला हसायला जाल तर आधी आपलं ‘परवा’ आठवा. परवा गेले होते, परवा जाईन! परक्या माणसाने काय समजावं?

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं, तेव्हा ती पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘‘म्हणजे बाई, आमचे पप्पा विरार फास्टमध्ये जातात ते दोन्ही अर्थांनी फास्ट!’’ अख्खा वर्ग हसला. खरंच की हो! गाडी एका अर्थाने फास्ट आणि आतली माणसं दुसऱ्या अर्थाने. दारातून ज्या अवस्थेत आत ढकलले गेलो त्याच अवस्थेत, एक हात वर आणि पर्स कुणाच्या तरी कोपराखाली, थेट बोरिवली-अंधेरीपर्यंत. शिवाय परतीच्या फास्ट गाड्या बोरिवली सोडली की बहुतेक स्टेशनांवर थांबू लागतात. दहिसर, मीरा रोड, भाईंदर. म्हणजे आपल्या वाट्याला येईपर्यंत फास्टची स्लो झालेली असते! वाफेच्या इंजिनांच्या जागी विरारपर्यंत विजेची गाडी आली ती १९३६ साली. आणि फक्त बायकांसाठीची ‘लेडीज स्पेशल’ चर्चगेट ते बोरिवली सुरू झाली ५ मे १९९२ रोजी. पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत आली. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा सासूबाईंनी मला मंगळसूत्र सांभाळून गर्दीत कसं चढायचं ते आधी शिकवलं, पुरणपोळी नंतर.

मग त्याच तासाला यमकं काढायचा खेळ घेतला. यमकांचा खेळ वर्गात फार रंगतो, तुमच्या घरी मुलं असतील तर पावसाळ्यात वीज गेली की जरूर खेळून बघा. फास्ट, लास्ट, पास्ट, व्हास्ट, ब्लास्ट असं भराभर झालं. कुणीतरी ‘मास्ट’ म्हणालं, म्हणजे डोलकाठी. उत्तनच्या बंदरावर बघितलेल्या होड्या सगळ्यांना आठवल्या. ‘पास्ट’ म्हणजे भूतकाळ, आणि परीक्षेत पास झालेला तो ‘पास्ड’, त्याचाही उच्चार अगदी तोच, हे ऐकून मागच्या बाकावरचा एक म्हणाला, ‘‘म्हणजे पास झालं की ते जुनंच झालं!’’ मग ‘कास्ट’ आलं. नाटकातली पात्रयोजना म्हणजे कास्ट, हे कुणालाच ठाऊक नव्हतं; पण दाखल्यावर असतं ते कास्ट सगळ्यांना ठाऊक होतं. दोन्हींचा उच्चार एक, स्पेलिंगमध्ये एका ‘ई’चा फरक. दाखल्यावरचा तो शब्द इंग्रजांनी पोर्तुगीजांकडून उचलला, आणि वसईला पोर्तुगीजांचा किल्ला आपल्या खाडीपलीकडेच आहे, एवढं सांगून मी पुढे गेले. शेवटी एकाने ‘जास्त’ आणि ‘स्वस्त’ही यमकांत घातलं. ट आणि त वेगळे रे, असं म्हणणार होते, पण फास्ट-स्वस्त-जास्त ऐकायला इतकं बरं वाटलं की राहू दिलं. बाजारातल्या सेलवाल्याने नेमका हाच फलक लावला असता!

एक अर्थ मात्र मी वर्गात सांगितला नाही. तो तुम्हाला सांगते. माझ्या आईच्या तरुणपणी, म्हणजे १९७०-८०च्या सुमाराला, एखादी मुलगी ‘फास्ट’ आहे असं म्हणत. आठवतं का कुणाला? स्थळ बघायला गेलेली मंडळी जिना उतरताना कुजबुजायची, ‘मुलगी जरा फास्टच वाटते.’ म्हणजे काय, तर केस कापलेले, बिनबाह्यांचा ब्लाऊज, आणि चारचौघांत मोठ्याने हसली. हा अर्थ आपण तयार केलेला नाही बरं का, तोही इंग्रजीतूनच आला. चैनीत, मर्यादा सोडून जगणाऱ्याला ते ‘फास्ट’ म्हणत. तिथे निदान पुरुषांनाही म्हणत. आपल्याकडे तो शब्द फक्त बायकांसाठी राखून ठेवला गेला. पुरुष तसा वागला तर तो ‘स्मार्ट’! माझ्या एका मावशीवर हा शिक्का बसला होता, कारण ती ऑफिसात टायपिंग करायची आणि संध्याकाळी उशिराच्या गाडीने घरी यायची. त्या गाडीचं नावही फास्टच, हा केवढा विनोद! आणि ही ‘फास्ट’ मावशी सोळा सोमवार निर्जळी करीत असे, हे मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आता उपासाच्या अर्थाकडे येते, कारण खरं सांगायचं ते तिथेच आहे. उपासाचा ‘फास्ट’ आणि घट्ट अर्थाचा ‘फास्ट’ हे वेगळे शब्द असतील असं मला वाटलं होतं. तसं नाही. ते एकाच घरातले. चौथ्या शतकात गॉथिक नावाच्या जुन्या भाषेत बायबलचा अनुवाद झाला. त्या भाषेत ह्याच धातूचे अर्थ होते धरून ठेवणे, पाळणे आणि उपास करणे. म्हणजे फास्ट म्हणजे न खाणं नव्हे, तर ठरवलेलं घट्ट धरून ठेवणं! आणि मैत्रिणींनो, आपण काय म्हणतो? ‘उपास धरला.’ मुसलमान शेजारीण म्हणते ‘रोजा रखा है.’ तीही ‘ठेवते’च. आमच्या समोरच्या भाभी जैन आहेत. भाईंदरला त्यांची वस्ती मोठी. पर्युषणात त्यांनी अठाई केली, म्हणजे आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंतच. मी धास्तावून विचारलं, ‘‘भाभी, भूक कशी मारता?’’ तर म्हणाल्या, ‘‘भूख को नहीं देखते, पच्चक्खाण लिया है ना.’’ पच्चक्खाण म्हणजे त्यांचा नेम, संकल्प. बघा, पुन्हा ‘धरलेलं’च!

आपल्या ‘उपवास’ शब्दाचा अर्थ तर त्याहून सुंदर आहे. उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं. देवाजवळ राहणं. त्यात अन्नाचं नावही नाही. (‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने केली त्याने बहुधा आमच्या घरची एकादशी पाहिली असावी.) आणि उपास सुटल्यावर काय होतं? इंग्रजीत रात्रभराचा फास्ट ‘ब्रेक’ केला की ब्रेकफास्ट. हा जोडशब्द पंधराव्या शतकापासूनचा आहे. मजा म्हणजे ‘डिनर’चं मूळही लॅटिनमध्ये उपास सोडणं हेच. आणि आपला नाश्ता? तो फारसीतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ ‘सकाळपासून काही न खाल्लेला’ असा होता. म्हणजे गोऱ्यांनी, इराण्यांनी आणि आपण सकाळच्या पोह्यांचं नाव उपाशीपणावरूनच ठेवलं! फक्त ‘फीस्ट’ म्हणजे मेजवानी ही त्या घरची नाही. अक्षर एकच जास्त, पण गोत्र वेगळं. ती लॅटिनमधल्या सणाच्या शब्दावरून आली. मुलं ह्या दोघांत नेहमी घोटाळा करतात.

असाच घोटाळा आमच्या घरीही झाला, तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सासूबाई सत्तरीच्या आहेत. गेले काही महिने त्या सारख्या दमायच्या, रात्री चारचारदा उठायच्या. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. ह्यांनी आदल्या रात्री त्यांना सांगितलं, ‘‘आई, उद्या फास्टिंग आहे हं, फास्ट करून जायचंय.’’ नेमकी चतुर्थी होती. सासूबाई म्हणाल्या, ‘‘मला काय सांगतोस, माझा उद्या आहेच.’’ सकाळी रक्त घेणाऱ्या मुलाने विचारलं, ‘‘आजी, काही खाल्लंत का?’’ ‘‘नाही रे बाबा, उपास आहे माझा!’’ किती ठामपणे सांगितलं त्यांनी! दुपारी आकडा आला तो १८८. आम्ही हादरलो. मग हळूहळू बाहेर आलं, की पहाटे सहाला त्यांनी साखर घातलेला दुधाचा चहा घेतला होता आणि राजगिऱ्याचे दोन लाडू खाल्ले होते. ‘‘अगं, उपासाला चालतात!’’

तुमच्याही घरी वडीलधारी माणसं असतील, म्हणून हे नीट सांगते. फास्टिंगची तपासणी म्हणजे आपला उपास नव्हे. निदान आठ तास पाण्याशिवाय काहीही घ्यायचं नाही. चहा नाही, दूध नाही, केळं नाही, उपासाला चालणारं तर अजिबात नाही. तेव्हाचा आकडा १००च्या आत असावा. १०० ते १२५ म्हणजे सावध व्हायची वेळ, आणि १२६ किंवा जास्त पुन्हा तपासूनही आला तर मधुमेह समजतात. घरात सांगताना ‘फास्टिंग’ म्हणूच नका. ‘अगदी कोरड्या पोटी, फक्त पाणी’ असं सांगा.

पुन्हा तपासणी झाली. ह्या वेळी खरोखरच्या कोरड्या पोटी. आकडा १४२. आणखी एक रक्त-तपासणी झाली, आणि गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, ह्या गोळ्या घेऊन दिवसभर उपाशी राहिलात तर साखर एकदम उतरेल, चक्कर येईल, घाम फुटेल, पडलात तर हाड मोडेल. उपास बंद. त्यांनी ते दोन शब्दांत सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मैत्रिणींनो, घरी येईपर्यंत सासूबाई रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत. पंचेचाळीस वर्षं संकष्टी धरलेली बाई. माझ्या ह्यांचा जन्म झाला तेव्हाही धरलेली, सासरे गेले त्या महिन्यातसुद्धा धरलेली. दोन दिवसांनी त्यांनी मला स्वयंपाकघरात विचारलं, ‘‘तुझ्या इंग्रजीत उपास सोडतात की मोडतात?’’

मी म्हटलं, ‘‘आई, तिथे एकच शब्द आहे. ब्रेक. मोडतात.’’

‘‘मग बरोबर आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हणूनच डॉक्टरांना कळलं नाही.’’

माझ्याकडे ह्यावर उत्तर नव्हतं. आपल्याकडे उपास चंद्र पाहून, नैवेद्य दाखवून ‘सोडतात’. मधेच काही खाल्लं तर तो ‘मोडतो’. दोन्हींत पोटात अन्नच जातं, पण पहिल्यात माणूस तृप्त होतो आणि दुसऱ्यात चोरट्यासारखा होतो. आणि जन्मभराचं व्रत थांबवायचं असेल तर त्यासाठी ‘उद्यापन’ आहे. आजवर कितीदा तरी उद्यापनाच्या जेवणाला गेले असेन, पण बाईला मान खाली न घालता थांबता यावं म्हणून कुणीतरी विचार करून ही सोय ठेवली असेल, हे मला त्या दिवशी सुचलं. इंग्रजीत ह्याला शब्द नाही. मी शोधला.

पण सासूबाईंना उद्यापन नको होतं. ‘‘मला थांबायचंच नाही ना!’’ मग मी त्यांना त्या जुन्या अर्थाबद्दल सांगितलं. धरून ठेवणं, पाळणं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं की नाही कोण जाणे, त्या तांदूळ निवडत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘‘चंद्राची वाट तर गोळी खाऊनही बघता येते.’’

डॉक्टरांना विचारून ठरवलं. संकष्टीला त्या आता वेळच्या वेळी दोन्ही जेवणं घेतात. भाकरी, भाजी, वरण, गोळी. साबुदाणा नाही, त्याने साखर चढते, हे त्यांनी शेंगदाण्याच्या कुटाचा डबा माझ्या हाती देऊन मान्य केलं. पण दुपारचं झोपणं त्या दिवशी नाही, टीव्ही नाही, आणि चंद्र उगवल्याशिवाय अंथरुणाला पाठ लावायची नाही.

परवाच्या संकष्टीला (म्हणजे झालेल्या!) त्या साडेआठला जेवून, गोळी घेऊन, अर्घ्याचं तबक मांडीवर घेऊन पूर्वेच्या गॅलरीत बसल्या होत्या. उपास माझा होता, त्यामुळे पोटात कावळे माझ्या ओरडत होते. पूर्वी काशीमिऱ्याकडच्या डोंगरावरून चंद्र सरळ दिसायचा, आता मधे दोन टॉवर झालेत. पंचांगात दिलेल्या वेळेनंतर आमच्या गॅलरीत तो पाऊण तासाने येतो. तो आला. सासूबाईंनी अर्घ्य दिलं, हात जोडले, मोदकाचा एवढासा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि उरलेला माझ्या हातावर ठेवला. ‘‘सोड आता,’’ म्हणाल्या.

ह्यांचा तेवढ्यात फोन आला. फास्ट दहिसरला थांबून राहिली होती.